ऑफर स्वीकारली, आता फोन उचलत नाही: पाठपुरावा किती आणि जागा पुन्हा कधी उघडायची?

प्रश्न

पुण्यातल्या आयटी कंपनीसाठी जावा डेव्हलपरच्या ३ जागा भरायच्या आहेत. तिघांनीही ऑफर स्वीकारली, तिघांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचा काळ, ९० दिवसांचा. त्यातल्या एकाने ६५व्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलंय. व्हॉट्सअॅपवर मेसेज वाचल्याचं दिसतं, पण उत्तर नाही. जॉइनिंग २२ दिवसांवर आलंय. किती वेळा फोन करणं योग्य? फाइल कधी बंद करायची?

प्रतिसाद १

जागा आजच उघडा. शोध आणि पाठपुरावा सोबत चालू देत. त्याच्या उत्तराची वाट बघत बसलात तर उरलेले २२ दिवसही हातचे जातील.

पाठपुराव्याला कामाचे ५ दिवस पुरे. पहिल्या दिवशी आधी मेसेज, मग फोन. सकाळी ११ ला करू नका, तेव्हा तो त्याच्या साहेबांच्या शेजारी बसलेला असतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर करा. एकदा ट्रूकॉलरवर तुमचा नंबर तपासा. भरतीचे नंबर लोक सर्रास स्पॅम म्हणून नोंदवतात, मग समोर लाल पट्टी दिसते आणि कोणी उचलत नाही. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या टीममध्ये तो येणार आहे त्या मॅनेजरना फोन करायला सांगा. पाचव्या दिवशी शेवटचा मेल.

मेसेज 'हॅलो, काही अपडेट?' असा नको. 'नाही' म्हणायची लाज वाटते म्हणूनच बहुतेक जण गप्प बसतात, तेव्हा नाही म्हणणं सोपं करून द्या: 'जॉइनिंगबद्दल एवढंच कळवा. १: येतोय. २: तारीख पुढे हवी. ३: दुसरीकडे ठरलंय. नुसता आकडा पाठवलात तरी चालेल, काही गैरसमज नाही.' नुसता ३ आला तरी तुमचं काम झालं.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण गळती ६५व्या दिवशी सुरू होत नाही. नोटीसच्या काळात धोक्याच्या वेळा दोन. राजीनामा दिल्यावरचा पहिला आठवडा, कारण तेव्हा जुनी कंपनी पगार वाढवून थांबवायला बघते. आणि शेवटचे ३० दिवस. तेव्हा जॉब पोर्टलवर 'नोटीसवर आहे, लवकर रुजू होऊ शकतो' असं प्रोफाइल दिसतं आणि इतर कंपन्यांचे फोन सुरू होतात. हातात एक ऑफर असल्याने दुसरीकडे भाव वाढवून मागता येतो.

म्हणून ऑफर स्वीकारल्यापासून ५ दिवसांत राजीनामा मंजूर झाल्याचा मेल मागा, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख हवी. 'तोंडी सांगितलंय' हे धरू नका. मग दर १५ दिवसांनी एक फोन, त्यातला एक तरी मॅनेजरचा, कामाविषयी. 'येताय ना?' एवढंच विचारण्यासाठी केलेले फोन उमेदवाराला नकोसे होतात.

खुणा आधीच दिसतात: पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म अर्धवट राहतो, लॅपटॉप कुठे पाठवायचा ते सांगत नाही, तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलतो. यातल्या दोन दिसल्या की दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराशी बोला, आणि जागा अजून पक्की मोकळी नाही हे त्याला स्पष्ट सांगा. त्याला अंधारात ठेवणं बरोबर नाही.

प्रतिसाद ३

काय करू नये तेही लिहितो. त्याच्या सध्याच्या ऑफिसात फोन करू नका. राजीनामाच दिला नसेल तर तुमच्यामुळे त्याची चालू नोकरी अडचणीत येईल. घरच्यांना फोन नको, कोर्टाच्या धमक्याही नकोत. आणि पुढच्या वेळी 'सुरक्षेसाठी' मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा विचार तर मनातही आणू नका.

शेवटच्या मेलमध्ये तारीख आणि वेळ हवी: 'शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवलं नाही तर ही ऑफर मागे घेतली असं समजावं.' ६ वाजले की खरंच मागे घ्या. दोनदा मुदत वाढवलीत की तिसरी कोणी मानत नाही. नोंद 'ब्लॅकलिस्ट' अशी नको. 'ऑफरनंतर संपर्क तुटला' आणि तारीख एवढंच लिहा. घरात आजारपण असू शकतं, ते तुम्हाला दिसत नाही.

आणि मुलाखतीनंतर आपण किती उमेदवारांना नकार कळवतो तेही पाहा. दोन-दोन आठवडे आपणच गप्प बसलो तर ते आपल्याशी तसंच वागतात.

प्रतिसाद ४

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतल्या भरतीसाठी मात्र वरचं वेळापत्रक चालणार नाही. आयटीआय झालेल्या मुलांचं गप्प होणं पुष्कळदा नंबरचं असतं. रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं, किंवा सिमच बदललेलं असतं. फॉर्म भरतानाच घरचा किंवा मित्राचा दुसरा नंबर घ्या आणि गरज पडली तर त्यावर फोन करू का, हे तेव्हाच विचारून ठेवा. मेल पाठवू नका, मराठीत व्हॉइस मेसेज पाठवा: कंपनीची बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येते, कॅन्टीन आहे का, हातात पगार किती. निवड आणि रुजू होणं यांत ३ दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवलंत तर मुलगा शेजारच्या गेटवर लागलेला असतो.

प्रश्नकर्ता

आकड्यांचा मेसेज आणि मॅनेजरचा फोन, दोन्ही उद्याच करतो. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचा नोटीस ३० दिवसांचा आहे. २२ दिवसांत बसत नाही, तर नोटीसचे उरलेले दिवस विकत घ्यायचे का, म्हणजे त्या दिवसांबद्दल त्याला जुन्या कंपनीत भरावी लागणारी रक्कम आपण द्यायची का?

प्रतिसाद २

घ्या, पण आधी त्याच्या कंपनीच्या नियमात ती सोय आहे का ते त्यालाच विचारा. काही ठिकाणी मॅनेजरची लेखी परवानगी लागते. रक्कम तो रुजू झाल्यावर पहिल्या पगारासोबत द्या, आणि हे ऑफर लेटरमध्येच लिहा.