मदत हवी आहे: मामांची चूक कशी दाखवू?

रविवारी जेवणं झाल्यावर मामांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलवरचा मतदानाबद्दलचा मेसेज मोठ्याने वाचला: 'यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, चॅलेंज व्होट मागा.' सगळ्यांनी माना डोलावल्या. हे धादांत खोटं आहे. यादीत नाव नसेल तर मत देताच येत नाही. आधी फॉर्म ६ भरून नाव नोंदवावं लागतं. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने (पोलिंग एजंटने) २ रुपये भरून घेतलेली हरकत! मी गप्प बसले, ते अजून मनाला लागलंय. मामेबहीण नुकतीच १८ची झाली, त्या मेसेजच्या भरवशावर तिने अजून नावच नोंदवलेलं नाही. मामा तापट आहेत, पण जीव लावणारे. चारचौघांत बोलू की बाजूला घेऊन? तुम्ही घरच्या मोठ्यांना कसं सांगितलंत?