मदत हवी आहे: स्लोव्हाक लग्नात मध्यरात्री नवरीला हिरवा शालू नेसवला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

भाचीचं लग्न जुलैत स्लोव्हाकियात, देत्वाजवळच्या एका गावात आहे. जावई तिथलेच. इथलं लग्न डिसेंबरातच उरकलं, आता चर्चमधलं. आम्ही सहाजण जातोय आणि ताईने सगळी चौकशी माझ्या गळ्यात घातलीये.

भाची सासरचा पारंपरिक पोशाख घालणार, त्याला क्रोय म्हणतात. फोटो आलेत. पिवळ्या-केशरी धाग्यांचं भरगच्च भरतकाम, आकड्यासारख्या वाकड्या सुईने केलेलं. टाका पाहून मला आपलं आरीकामच आठवलं. पुरुषांचा सदरा मात्र इतका आखूड की पोट उघडं, आणि खाली वीतभर रुंद चामडी पट्टा! (ताईच्या सासूबाईंना हा फोटो अजून दाखवलेला नाही.)

आता मुद्दा. नवरीच्या डोक्यावर पार्ता असते, म्हणजे मणी, फुलं, रिबिनींचा मुकुट. ती कुमारिकेची खूण. मध्यरात्री लग्न झालेल्या बायका गाणी म्हणत ती उतरवतात आणि चेपियेत्स, म्हणजे सवाष्णीची टोपी, घालतात. हल्ली काही ठिकाणी नुसता रुमाल बांधतात. या विधीला चेपचेन्ये म्हणतात. त्यानंतर नवरी कपडेही बदलते, आजकाल बऱ्याचदा लाल ड्रेस. मला वाटतं, तिथेच हिरवा शालू नेसवावा, वर त्यांचा रुमाल. विहीणबाई लगेच हो म्हणाल्या, पण भिडेखातर म्हणाल्या असतील तर? गावातल्या म्हाताऱ्यांना खटकेल का?

दुसरं, पार्ता उतरवताना आई-मावशीने हात लावायचा, की ते सासरच्या बायकांचं काम?

तिसरं, रेदोवी नाच. पाहुणे पैसे देऊन नवरीबरोबर एकेक गिरकी घेतात, म्हणजे नाचता आहेरच. आम्ही आहेराचं पाकीट आधीच देणार आहोत. तरी नाचताना वेगळे टाकायचे का? साधारण किती?

दारात बशी फोडून नवरा-नवरीने मिळून तुकडे झाडायचे असतात, त्यावर ताईच्या सासूबाई "शुभकार्यात भांडं फोडतात?" म्हणून अडून बसल्या होत्या. दहीहंडीही फोडतोच की, म्हटल्यावर गप्प बसल्या.

कोणी असं लग्न पाहिलंय का? पोलंड किंवा मोराव्हियातलेही अनुभव सांगा, तिकडेही नवरीला टोपी घालतात. आणि हो, शालू नीट नेसवायला मला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मिळतो, की बाहेर बँड नवरीसाठी खोळंबतो?