साइट इंजिनिअर ते प्रोजेक्ट मॅनेजमेंट: ३०,००० रुपयांत काय शिकावे?

कळवेकर: मी स्थापत्य अभियंता (बी.ई.) असून घोडबंदर रस्त्यावरील निवासी इमारतींच्या कामांवर ५ वर्षे साइट इंजिनिअर आहे. त्यांपैकी शेवटचे दीड वर्ष एका इमारतीचे काम मी स्वतंत्रपणे सांभाळतो आहे. आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळायचे आहे. खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये आहे, नोकरी सोडता येणार नाही आणि रविवारच काय तो मोकळा मिळतो. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे प्रमाणपत्र), प्रायमाव्हेरा (कामाचे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर) की एमबीए, यांपैकी काय निवडावे?

वाशीकर_७४: एमबीएच करावे. मी नोकरी सांभाळून दोन वर्षांत पूर्ण केले. साडेचार लाख रुपये लागले, परंतु वरिष्ठांच्या बैठकीत मत विचारले जाऊ लागले ते त्यानंतरच. तीस हजारांत काही होणार नाही, शैक्षणिक कर्ज काढावे.

ऐरोली_आयटी: पीएमपी पुरेसे आहे. ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे आणि १८० प्रश्नांची परीक्षा द्यावी. मी पहिल्याच प्रयत्नात तिन्ही विभागांत सर्वोच्च श्रेणी मिळवली आहे.

नेरुळकर: प्रश्न नीट वाचावा, ही विनंती. पीएमपीसाठी चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. यांच्याकडे तसा दीड वर्षाचाच आहे. माझा अर्ज तपासणीसाठी निवडला गेला, तेव्हा माझ्या अनुभवाला दुजोरा देऊ शकणारे जुने साहेब परदेशी गेले होते आणि त्यांना गाठण्यात माझे तीन आठवडे गेले. म्हणून प्रत्येक कामाच्या तारखा आणि वरिष्ठांचे संपर्क आजपासूनच नोंदवून ठेवावेत. तोपर्यंत सीएपीएम ही पीएमपीच्या खालच्या पातळीची परीक्षा देता येईल, तिला अनुभवाची अट नाही.

ऐरोली_आयटी: आमच्याकडे आयटीत अ‍ॅजाइल पद्धतीमुळे, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून प्रत्येक आवृत्तीत सुधारणा करत गेल्यामुळे, असा अनुभव लवकर जमतो.

नेरुळकर: जमत असेल, पण स्लॅब एकदा भरला की पुढच्या आवृत्तीत सुधारता येत नाही, त्यामुळे ती तुलना येथे लागू होत नाही.

पनवेल_प्लॅनर: मी प्रायमाव्हेराचा वर्ग लावला होता आणि तेथे कोणते बटण कुठे आहे एवढेच शिकलो. खरे शिक्षण झाले ते सेंटरिंग, सळई, वायरिंगचे पाइप आणि काँक्रीट यांतले कोणते काम कोणासाठी अडते, हे ठेकेदारांना विचारून बार चार्ट (कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल, याचा पट्ट्यांचा तक्ता) मांडताना. ज्या कामाला एका दिवसाचीही सवड नसते त्या कामांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. ती साखळी आपल्या इमारतीत कोणती, हे तुम्ही प्रत्यक्ष कामावर असल्यामुळे वर्गातल्या शिक्षकापेक्षा चांगले सांगू शकाल. दर शनिवारी पुढच्या तीन आठवड्यांचे वेळापत्रक करून ते प्रत्यक्ष प्रगतीशी ताडून पाहावे आणि उशिराचे कारण त्याच दिवशी लिहावे, कारण मुदतवाढीचा दावा अशाच नोंदींवर टिकतो. सॉफ्टवेअर त्यानंतर शिकावे. मुलाखतीत मात्र ते विचारतातच.

वाशीकर_७४: तरीही एमबीएला पर्याय नाही, असेच मी म्हणेन.

कळवेकर: सर्वांचे मनःपूर्वक आभार. तूर्त कोणताही वर्ग लावायचा नाही आणि कोणतीही परीक्षा द्यायची नाही, असे ठरवले आहे. आमच्याच कंपनीच्या उलव्यातील कामावर प्लॅनिंग विभागात जागा रिकामी आहे, तेथे आहे त्याच पगारावर बदली मागितली आणि ती काल मंजूर झाली. तीस हजार रुपये जुना लॅपटॉप बदलण्यासाठी वापरणार आहे. पनवेल_प्लॅनर, तीन आठवड्यांच्या वेळापत्रकाचा आपला नमुना पाहायला मिळेल का?

पनवेल_प्लॅनर: रविवारी पाठवतो. त्यात पावसाळ्यातले वाया जाणारे दिवस धरलेले आहेत, ते काढू नयेत.