सांगली-मिरज वडापला (शेअर सीटच्या प्रवासी वाहतुकीला) इलेक्ट्रिक रिक्षा परवडेल का?

विश्रामबागकर: माझा पुतण्या पुण्यातनं परत आलाय, म्हणतो तिकडं मोबाईलवर सीट बुक करून तीन अनोळखी माणसं एकाच इलेक्ट्रिक रिक्षात जातात, तसं आपण सांगली-मिरज सुरू करूया. कर्ज काढायचं म्हणतोय म्हणून जीव धाकधूक करतोय, कुणी चालवत असाल तर खरं सांगा.

मिरजेचा रिक्षावाला: दादा, पहिलं बघा ई-रिक्षा घेताय का ई-ऑटो, म्हणजे आपल्या नेहमीच्या रिक्षासारखी, जास्त वेगानं पळणारी. ई-रिक्षाला ताशी २५ किमीचीच मर्यादा, त्या मोठ्या रोडवर मागनं एसटी हॉर्न मारत येते. मी आधी लेड-अॅसिड बॅटरीवालीच घेतली होती, शोरूमवाला म्हणाला काय बघायला लागत नाय, आणि मी दर आठवड्याला सीट उचलून बॅटरीत पाणी घालत बसायचो, वर्षात चार्ज निम्म्यावर आला. लिथियमचीच घ्या. एका बाजूला दहाएक किमी अंतर, सपाट रस्ता, दुपारी जेवताना घरी चार्जिंगला लावली की दिवस निघतो.

कृष्णाकाठ: परमिटची काळजी नको, २०१८ पासून केंद्रानं इलेक्ट्रिकला सूट दिलीय, पण बॅज (प्रवासी गाडी चालवायचा बिल्ला), गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट, इन्शुरन्स लागतोच. आणि चार्जिंग पॉइंट उंचावर घ्या, २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत मीटरपेटी पाण्याखाली होती.

मिरजेचा रिक्षावाला: ॲपचं नंतर बघा. सकाळी सिव्हिलला जाणारी म्हातारी माणसं हातच करतात, त्यांना सोडून पुढं जाऊ नका.

विश्रामबागकर: उद्याच पुतण्याला घेऊन तुमच्या स्टॉपवर येतो, एक फेरी शेजारी बसवा त्याला.