आईसाठी १० हजाराच्या आतला फोन, काय पाहून घ्यावा?

भाऊ लोक, आईसाठी फोन पाहून राहिलो. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय अन् मावशीसोबत व्हिडिओ कॉल, एवढंच काम. नागपुरात बर्डीच्या मार्केटात सगळे ५० मेगापिक्सल कॅमेराच सांगून राहिले, पण आईचा आधीचा फोन इतका अडके की भाजीवाल्यासमोर स्कॅनर उघडेपर्यंत मागं लोकं ताटकळत.

— मेगापिक्सल सोड. स्टोरेज ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) आहे का यूएफएस (नवा, फास्ट प्रकार) ते विचार, अडकणं बहुतेक तिथूनच सुरू होते, यूएफएस २.२ भेटलं तर तेच घे. अन् ४ जीबी रॅमवर "अजून ४ व्हर्च्युअल" म्हणतात न, तो स्टोरेजचाच तुकडा असते, खऱ्या रॅमसारखा चालत नाही. ६ जीबी बसत असंल तर बेस्ट.

— दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन स्क्रीन पाहा! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, स्वस्त फोनवर क्यूआर दिसतच नाही. अन् काकूंना सांग, उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उष्णतेनं बॅटरी लवकर बसते.

— सिक्युरिटी अपडेट किती वर्षं ते पण पाह्यजो, त्यात पैशाचे अ‍ॅप राहतीन. माझ्या आईचा अंगठा भांडी घासून घासून गुळगुळीत झाला, सेन्सर घेतच नव्हता, म्हणून काकूंना सोबत घेऊनच जा.