एमबीएमधला 'ए' कशाचा?

एमबीए म्हणजे 'मास्टर इन बिझनेस मॅनेजमेंट' असं काही जण सांगतात, ते दुरुस्त करायला हवं. बरोबर नाव 'मास्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन'. बोलताना आपण सगळेच 'मॅनेजमेंटचं शिक्षण' म्हणतो, म्हणून हा घोळ होतो.

'ॲडमिनिस्ट्रेशन' आलं कुठून? हार्वर्डने १९०८ मध्ये व्यवसाय शिक्षणाची शाखा काढली, तिच्या नावातच हा शब्द होता आणि पदवीलाही तोच लागला. तोपर्यंत हे नाव काही ठरलेलं नव्हतं. १९०० मध्ये सुरू झालेली, अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजची टक स्कूल ही व्यवसाय शिक्षणाची शाखा 'मास्टर ऑफ कमर्शियल सायन्स' ही पदवी देत असे. मला तर ते नाव जास्त आवडतं!

ईएमबीएमधला 'ई' एक्झिक्युटिव्हचा. हा अभ्यासक्रम नोकरीत मुरलेल्या लोकांसाठी असतो, काम न सोडता करता येतो.

आणि कृपया आपल्या नावाच्या आधी 'एमबीए' लिहू नका. 'डॉ.' आधी लागतं, एमबीए नावानंतर, स्वल्पविराम देऊन. 'एमबीए फायनान्स' हे बोलायला ठीक आहे, पण बहुतेक ठिकाणी पदवी एमबीएच असते आणि फायनान्स हा त्यातला विशेष विषय. अर्ज भरताना पदवीच्या रकान्यात प्रमाणपत्रावर छापलंय तेच लिहावं.