ओ-कोनिग्सबूर: किल्ला जपला की कैसरची हौस भागवली?

भटकभवानी:
अल्सासमधला हा किल्ला आज फ्रान्सात आहे. साडेसातशे मीटर उंचीवर, खाली ऱ्हाइनचं मैदान. १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने तो जाळला, नंतर अडीचशेहून जास्त वर्षं नुसते अवशेष. १८७१ पासून अल्सास जर्मनीकडे होतं. १८९९ मध्ये सेलेस्टा शहराने ते अवशेष कैसर म्हणजे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिले आणि वास्तुकार बोडो एबहार्टने १९०० ते १९०८ मध्ये अख्खा किल्ला उभा केला. कैसरच्या दालनाला उंची हवी म्हणून मधला मजलाच उडवला! मुख्य मनोऱ्यावर गरुड, म्हणजे जर्मन साम्राज्याचं चिन्ह. ‘हा मुलूख आमचा’ असं सांगणारी पाटीच ती. याला मध्ययुगीन किल्ला का म्हणायचं?

दगडोबा:
ताई, दालनाचं मान्य. पण सगळंच मनचं नाही हो. एबहार्टने आधी राडारोडा उपसला, मोजमापं घेतली, अवशेषांचे फोटो काढले, जुनी चित्रं शोधली. मनोऱ्याच्या उंचीवरून तेव्हाही वाद झाला, पण बऱ्याच भिंती जागेवर होत्या.

गडपिसाट:
भिंती होत्या ना? मग तेवढ्याच सांभाळायच्या. त्याच काळात हायडेलबर्गचा पडका वाडा पुन्हा बांधायचा का, यावरून जर्मनीत रान पेटलं होतं. कला-इतिहासकार गेऑर्ग डेहिओचं म्हणणं सरळ होतं: जतन करा, नव्याने घडवू नका. तिथला ओट्टोहाइनरिख महाल आजही बिनछपराचा आहे, लोक तोच बघायला जातात. आणि हा डेहिओ शिकवायचा कुठे? स्ट्रासबुर्गला, या किल्ल्यापासून जवळच.

दगडोबा:
बिनछपराच्या भिंतीत पाणी मुरतं, थंडीत गोठतं आणि सांधे उकलतात. डागडुजी कायमची मागे लागते. शिवाय सामान्य माणसाला नुसत्या जोत्यावरून काय कळणार? रायगडावर राजवाड्याच्या चौथऱ्यांपाशी लोक दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात.

गडपिसाट:
थांबतात त्यांना सांगायला माणूस ठेवा, चित्र लावा. अंदाजाने दगड रचायचा नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे: तर्क सुरू झाला की काम थांबवा.

कोकणकडा:
१९०८ च्या कामाला १९६४ ची सनद लावताय, वा! पहिल्या महायुद्धानंतर किल्ला फ्रान्सकडे आला, तरी त्यांनी तो पाडला नाही. एबहार्टचं काम आता स्वतःच शंभरीपार गेलंय. उद्या कुणी ‘मूळ रूप’ म्हणून ते उतरवलं तर मी विरोधच करेन.

भटकभवानी:
उतरवा कोण म्हणतंय? तिकिटावर १९०८ हे साल ठळक छापा, एवढंच.

दगडोबा:
मग भिंतींचं साल कोण छापणार?